गव्हर्नरसाहेबांचे वकील

मोरेश्वर देशकर वकील अमेरिकेतल्या त्या गव्हर्नरच्या घरात पहिल्यांदा शिरले ते इतिहासाच्या ओढीनं नव्हे, लघवीला लागली म्हणून. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि सांगताना त्यांना जराही संकोच वाटत नसे. सत्तरीच्या माणसाला ओहायोतल्या ऑक्टोबरात सकाळी फिरायला धाडलं तर दुसरं काय होणार, असं त्यांचं म्हणणं. रस्त्याला धड फुटपाथ नाही, चहाची टपरी नाही, आडोशाला जावं तर कुणी खिडकीतून पोलिसांना फोन करील ही धास्ती. तेवढ्यात समोर पांढऱ्या खांबांचं एक जुनं घर आणि दारावर 'ओपन' अशी पाटी दिसली. वकीलसाहेब आत गेले, काम उरकून बाहेर आले, आणि लगेच निघून जाणं बरं दिसत नाही म्हणून भिंतीवरच्या तसबिरी बघत उभे राहिले.

हे २००४ सालचं. त्याच्या आदल्या वर्षी सुमित्राबाई गेल्या आणि मुलानं, गिरीशनं, अमरावतीच्या घराला कुलूप घालून वडिलांना आपल्याकडे आणलं. गिरीश आधी अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला होता, मग कोलंबसजवळच्या एका गावात विमा कंपनीच्या कॉम्प्युटरचं काम बघायला आला. सून यामिनी सॉफ्टवेअर तपासायचं काम करी. दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडत. त्यानंतर मोरेश्वररावांच्या वाट्याला सोफा, समोरची खिडकी आणि इंटरनेटवरचा कालचा पेपर उरे. देवळात भेटणारी मराठी मंडळी म्हणत, "काका, आयुष्यभर काम केलंत, आता एन्जॉय करा ना!" काका मान हलवत. एन्जॉय नक्की कसं करतात ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अमरावतीच्या दिवाणी कोर्टात त्यांनी चाळीस वर्षं वकिली केली होती. मोठे वकील ते कधीच नव्हते. बांधाची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, घर न सोडणारे भाडेकरू, हा त्यांचा संसार. नागपूरला हायकोर्टात उभं राहायची वेळ क्वचित आली, आणि आली तेव्हा ती हकिकत घरी आठवडाभर पुरली. पण अशिलाला वाऱ्यावर सोडणारा माणूस नाही, असा त्यांचा लौकिक होता. एकदा माणूस आपला म्हटला की त्याचा शत्रू तो यांचा शत्रू. समोरच्या पक्षाच्या घरचं लग्नाचं आमंत्रण आलं तरी जात नसत. सुमित्राबाई म्हणायच्या, "यांना सख्ख्या भावापेक्षा अशील जवळचा." भावानंही ते कधी नाकारलं नाही.

तर त्या घरात डाव्या हाताला एक खोली होती आणि ती पाहून वकीलसाहेब थबकले. उंच टेबल, शाईची दौत, भिंतभर चामडी बांधणीचे निकालांचे खंड, दाराजवळ अशिलांसाठी लाकडी बाक. वर शेकोटीच्या डोक्यावर दाढीवाल्या माणसाची तसबीर. खाली लिहिलं होतं : जोसाया ट्रेडवेल, वकील, राज्याचे गव्हर्नर. मोरेश्वरराव तिथे इतका वेळ उभे राहिले की घराची व्यवस्था पाहणारी बार्बरा नावाची बाई काळजीनं जवळ आली. तिनं विचारलं, "आपण इतिहासाचे प्राध्यापक आहात का?"

"वकील आहे."

"निवृत्त?"

"वकील निवृत्त होत नाही," मोरेश्वरराव म्हणाले, "अशील यायचे बंद होतात."

बार्बरा मनापासून हसली आणि तिनं कॉफी दिली. हिवाळा सरेपर्यंत मोरेश्वररावांच्या कोटावर त्या घराचा बिल्ला लागला होता. आठवड्यातून तीन दिवस, पगार नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांना घर दाखवायचं. त्यांचं नाव काही त्या लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते 'मिस्टर डी' झाले. गिरीशच्या मनावरचं ओझं उतरलं. फोनवर तो मित्रांना सांगे, "बाबा फुल बिझी आहेत यार, माझ्यापेक्षा जास्त."

गाइड लोकांना चार छापील पानं मिळत. त्यात गव्हर्नरचं चरित्र होतं, पण ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. मोरेश्वररावांनी ती पानं खिशात ठेवली आणि आपल्या पद्धतीनं सांगायला सुरुवात केली. शेतकऱ्याचा मुलगा, पाच मैलांवरच्या शाळेत आधी शिकला आणि मग तिथेच मास्तर झाला. कॉलेज कसलं नि काय, एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत झाडू मारता मारता कायदा वाचला. सनद मिळाल्यावर घोड्यावरून गावोगावच्या कोर्टांत फिरला. न्यायाधीश आणि वकील रात्री एकाच खाणावळीत एकाच पलंगावर झोपत आणि सकाळी एकमेकांना 'युवर ऑनर' नि 'विद्वान मित्र' म्हणत. हे सांगताना मोरेश्वररावांना आपला दर्यापूर-अचलपूरचा एसटीचा प्रवास आठवे आणि आवाजाला धार येई. मग सरकारी वकील, मग सिनेटर, मग दोन वेळा गव्हर्नर. गावोगाव सरकारी शाळा यांनी काढल्या. वेड्यांना तुरुंगातून काढून इस्पितळात यांनी घातलं. आणि मुख्य म्हणजे केंटकीच्या गव्हर्नरानं गुलामांना पळून जायला मदत करणारा एक माणूस शिक्षेसाठी ताब्यात मागितला, तेव्हा 'देत नाही' असं यांनी लेखी कळवलं. त्या नकारावरच ते घर उभं होतं म्हणा ना. त्याची प्रत दिवाणखान्यात काचेत लावली होती आणि शाळेची मुलं तिच्यापुढे रांगेनं उभी राहून फोटो काढत.

पण मोरेश्वररावांना खरा आवडे तो शेवट. तिसरी निवडणूक हरल्यावर ट्रेडवेल गावी परतला आणि पुन्हा गाईगुरांच्या नि कुंपणांच्या खटल्यांना उभा राहिला. "गव्हर्नरकी गेली, पण वकिली राहिली," असं म्हणून ते तसबिरीकडे असं बघत की जणू आत्ताच दोघं कोर्टाच्या बाररूममध्ये एका ताटलीतले भजे खाऊन आलेत.

इथेच घोळ झाला. तो घोळ मोरेश्वररावच करू जाणोत. दुसऱ्या कुणी गव्हर्नरची माहिती सांगितली असती. यांनी गव्हर्नरचं वकीलपत्र घेतलं. कुणी सहज म्हणे, "चेहरा फार कडक दिसतो." हे लगेच म्हणत, "त्या काळी फोटोला पाच मिनिटं न हलता बसावं लागे. आपण बसून दाखवा." कुणी विचारी, तिसऱ्यांदा हरले कसे? हे विरोधकांची लबाडी मुद्देसूद मांडत. बार्बराला त्याची गंमत वाटे. पाहुणेही हसत. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

२००६ च्या शरदात एका चर्चची व्हॅन आली. दहा-बारा वयस्कर कृष्णवर्णीय बायका उतरल्या. त्यांत मिसेस पेटी नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, हातात पर्स धरून अगदी पुढे उभ्या. वकिलीच्या खोलीत मोरेश्वरराव घोड्यावरून फिरण्याची हकिकत रंगवत असताना त्यांनी हात वर केला.

"सर, ट्रेडवेल वकील होते तेव्हा इथल्या कोर्टातून अमोस नावाच्या एका माणसाला परत पाठवलं होतं. तो खटला यांनीच चालवला ना? अमोस माझ्या खापरपणजीचा भाऊ. मला विचारायचं होतं की..."

आता हे मोरेश्वररावांना ठाऊक होतं. त्या घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. लपवलं होतं असं नाही, सांगितलं जात नव्हतं इतकंच. ओहायोत गुलामगिरी नव्हती, नदीपलीकडे केंटकीत होती. नदी ओलांडून आलेला अमोस गावातल्या लोहाराकडे दोन वर्षं भाता ओढत होता. मालक शोधत आला. कोर्टात ओळख पटवली की पळालेला माणूस मालकाला परत द्यायचा, असा कायदा होता. मालकानं ट्रेडवेलला वकील केलं आणि ट्रेडवेलनं एका दुपारात खटला जिंकला. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी तो गव्हर्नर झाला आणि तो प्रसिद्ध नकार दिला. छापील पानांत या सगळ्या काळासाठी एकच वाक्य होतं : 'लवकरच ते नामांकित वकील झाले.'

पण समोरून अशिलावर हल्ला आला म्हटल्यावर मोरेश्वररावांच्या अंगात अमरावतीचं कोर्ट संचारलं. त्यांनी हात वर करून बाईंना थांबवलं.

"एक मिनिट. हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"माझ्या आईनं."

"आईंना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या आजीनं."

"त्या आजी त्या दिवशी कोर्टात हजर होत्या?"

"नाही."

"त्यांचा जन्म झाला होता?"

"नाही, सर."

"म्हणजे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगितलं, आणि आपण ते ऐकलं. बरोबर?"

मिसेस पेटींनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मी काही फिर्याद घेऊन आले नव्हते," त्या म्हणाल्या आणि उरलेलं घर त्यांनी एक शब्द न बोलता पाहिलं.

अख्ख्या उलटतपासणीत मोरेश्वरराव एकही खोटं वाक्य बोलले नव्हते. साक्षीदाराला गप्प केलं होतं आणि स्वतः कोरडे राहिले होते. फार वर्षांनी असं जमलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ते दोन पोळ्या जास्त जेवले आणि यामिनीला म्हणाले, "वांग्याची भाजी आज फर्स्टक्लास झालीये."

तिसऱ्या दिवशी बार्बराचा फोन आला. मिसेस पेटींनी तक्रार केली नव्हती, पण त्यांच्या बरोबरच्या एका बाईनं केली होती आणि ती घर चालवणाऱ्या मंडळापुढे गेली होती. मंडळानं दोन अटी घातल्या. मिसेस पेटींना बोलावून मिस्टर डींनी माफी मागावी. आणि यापुढे छापील पानंच वाचावीत, एक शब्द जास्त नाही, प्रश्न घेणं नाही. हे मान्य नसेल तर बिल्ला परत करावा. हे सांगताना बार्बराचा आवाज पडला होता. मोरेश्वररावांनी फोनवरच सांगितलं, "मान्य आहे." ते फोन ठेवून सोफ्यावर बसले आणि समोरची खिडकी दिसताच उठून स्वयंपाकघरात गेले.

गिरीश चिडला. त्यात वडिलांची काळजी किती आणि लाज किती हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. "बाबा, इथे असं चालत नाही. लोक स्यू करतात. जस्ट सॉरी म्हणा आणि मूव्ह ऑन."

"म्हणतोच आहे ना."

"आणि ते पेपर्स वाचा फक्त. प्लीज. तुम्हाला तिथे जायला आवडतं ना? मग?"

शुक्रवारी संध्याकाळी यामिनी ड्रायरमधल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मोरेश्वरराव मोज्यांच्या जोड्या लावत होते. हे काम त्यांनी आपणहून पत्करलं होतं. यामिनी म्हणाली, "बाबा, एक विचारू? त्यानं त्या अमोसला पाठवलं होतं की नाही?"

"रेकॉर्डवर असं आहे की..."

"रेकॉर्ड राहू द्या. मला सांगा."

मोरेश्वररावांनी एक मोजा उलटा करून पाहिला. "पाठवलं होतं."

"मग तुम्ही त्या काकूंना एवढं का पिडलंत?"

"अगं, वकिलाकडे जो येईल त्याचं काम तो घेतो. उद्या चोर आला तर चोराचं. ट्रेडवेलनं तेच केलं. त्याच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला नको?"

"त्याला तर अख्खं घर आहे बाबा. आणि त्याला आता शिक्षा तरी कोण करणार आहे? तो सुटून गेलाय."

मोरेश्वररावांनी हातातल्या दोन वेगळ्याच मोज्यांची जोडी लावून टाकली. त्या रात्री त्यांना वाईट वाटलं, आणि ते हरल्याचं वाईट नव्हतं. आपण त्या बाईंना लाजवलं, खरं ठाऊक असून लाजवलं, हे त्यांना स्वच्छ दिसलं, आणि पहाटेपर्यंत ते कूस बदलत राहिले.

शनिवारी यामिनीनं त्यांना गाडीनं सोडलं. मिसेस पेटी आधीच येऊन बसल्या होत्या, तीच पर्स मांडीवर. मोरेश्वररावांनी त्यांच्यासमोर उभं राहून माफी मागितली. चांगली मागितली, पळवाट न ठेवता. "मी तुमच्याशी साक्षीदारासारखा वागलो. तुम्ही पाहुण्या होतात. माझं चुकलं." मिसेस पेटी म्हणाल्या, "ठीक आहे, सर," आणि त्यांनी हात पुढे केला. बार्बरानं सुटकेचा श्वास सोडला. बाकीचे सात-आठ पाहुणे जमले होते. मिसेस पेटीही त्यांच्यात मिसळल्या.

मोरेश्वररावांनी पानं हातात घेतली आणि वाचायला लागले. दिवाणखाना वाचला. जेवणाची खोली वाचली. पाहुणे जांभया दाबत होते. बार्बरा दारात उभी राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत उरलेली मोजत होती, आणखी तीन वाक्यं, आणखी दोन. मग सगळे डावीकडच्या खोलीत आले. मोरेश्वररावांनी पान उलटलं.

"लवकरच ते नामांकित वकील झाले," त्यांनी वाचलं आणि थांबले.

पुढचं वाक्य गव्हर्नरकीचं होतं. ते वाचलं की सुटलो, बिल्ला राहिला, सोमवार-बुधवार-शनिवार राहिले. मोरेश्वररावांनी ते वाक्य दोनदा मनात वाचलं. मग पानांची घडी करून टेबलावर ठेवली. कोटावरचा बिल्ला काढला, तो पानांवर ठेवला. पिन नीट लावून ठेवली, कुणाला टोचू नये म्हणून. मग वळून तसबिरीकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, वकीलपत्र मध्येच सोडतोय. पण सांगून सोडतोय."

पाहुण्यांना वाटलं ही काही भारतीय प्रार्थना असावी. एकानं टोपीही काढली.

मग त्यांनी अमोसचा खटला सांगितला. लोहाराचं दुकान कुठे होतं ते खिडकीतून बोटानं दाखवलं. मालक आला तो दिवस सांगितला, साक्षी कुणाच्या झाल्या ते सांगितलं, अमोसच्या बाजूनं एक नवशिका पोरगा वकील उभा होता आणि त्याची बोबडी वळली तेही सांगितलं. ट्रेडवेलचं भाषण सांगितलं, आणि ते फार उत्तम भाषण होतं हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. "त्या दुपारी जोसाया ट्रेडवेल यांनी एक माणूस परत पाठवला," ते म्हणाले. "त्यांना तसं करायलाच हवं होतं असं नाही. त्यांनी ते काम घेतलं."

बार्बरा दारातच होती. तिनं त्यांना थांबवलं नाही.

"पुढे त्याचं काय झालं?" मागून एका पाहुण्यानं विचारलं. "त्या अमोसचं?"

गव्हर्नरचं पुढे काय झालं हे मोरेश्वररावांना महिन्यामहिन्यानं ठाऊक होतं, त्याला शेवटचा ताप कधी आला तेसुद्धा. अमोस त्यांच्या माहितीत कोर्टाच्या पायरीपर्यंतच होता. त्याच्यापुढे त्यांनी कधी शोधलंच नव्हतं. त्यांनी मिसेस पेटींकडे पाहिलं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न भर कोर्टात विचारायचा नाही, हे वकिलीतलं पहिलं शहाणपण. चाळीस वर्षं त्यांनी ते पाळलं होतं.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी काय सांगतात? पुढे काय झालं?"

"आमच्या घरात कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तेच विचारायला आले होते. मला वाटलं, तुमच्याकडे माहिती असेल."